थेंबाला वाट दाखवणारा पत्रा

तासगाव तालुक्यातल्या मणेराजुरी किंवा सावळजच्या शिवारात जानेवारीतली निरभ्र रात्र सरली की एकाच वस्तीवर चार वेगळे प्रकार दिसतात. द्राक्षाची पाने ओलीगच्च असतात आणि दावण्या रोगाच्या भीतीने बागायतदाराचा जीव टांगणीला लागलेला असतो. गोठ्याच्या जुन्या, काळवंडलेल्या पत्र्याच्या कडेवरून थेंब ठिबकत असतात. न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेल्या अळवाच्या पानावरही पाणी असते, पण ते पसरत नाही. गोल थेंब होऊन घरंगळते. चिंच लावून लख्ख घासलेली, अंगणात उपडी ठेवलेली पितळी कळशी मात्र जवळजवळ कोरडीच राहते.

रात्र तीच, हवा तीच, तरी चौघांची गत वेगळी. असे का व्हावे?

याचे उत्तर दोन प्रश्नांत आहे. रात्री ती वस्तू किती थंड होते, हा पहिला. तिच्यावर आलेल्या थेंबाला ती कशी वागवते, हा दुसरा. यातला दुसरा गुण आता धातूवर लेसरने कोरता येतो. तोच पत्रा पाणी ओढणारा करता येतो आणि पाणी झटकणाराही. हवेतून किंवा खाऱ्या पाण्यातून गोडे पाणी मिळवण्यासाठी अशा पृष्ठभागांचा वापर करण्याचे प्रयोग जगभर चालू आहेत. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तिथून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आत, म्हसवड-दहिवडीकडे, त्याचा दहावा हिस्साही पडत नाही. सांगलीतही शिराळा ओला आणि जत-आटपाडी कोरडी. अशा मुलखात या पत्र्यांचा उपयोग किती, हे समजून घ्यायचे तर आधी त्यांचे काम कसे चालते ते पाहायला हवे.

दव कुठून येते?

दव वरून पडत नाही. ते जिथे दिसते तिथेच तयार होते. हवेत पाण्याची वाफ नेहमी असते आणि ती किती मावते हे तापमानावर ठरते. २५ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे २३ ग्रॅम वाफ राहू शकते. २० अंशांना सुमारे १७ ग्रॅम आणि १० अंशांना साडेनऊच्या आसपास. समजा संध्याकाळी २५ अंशांच्या हवेत घनमीटरमागे १३ ग्रॅम वाफ आहे. ही हवा साधारण १६ अंशांहून थंड असलेल्या पृष्ठभागाला टेकली की तिला सगळी वाफ सांभाळता येत नाही. जास्तीची वाफ पाणी होऊन त्या पृष्ठभागावर बसते. ज्या तापमानाला हे सुरू होते त्याला दवबिंदू म्हणतात.

म्हणजे दव मिळवायचे तर पृष्ठभाग हवेपेक्षा थंड व्हायला हवा. हे काम रात्रीचे मोकळे आकाश करते. प्रत्येक वस्तू डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता बाहेर टाकत असते. ढगाळ रात्री ढग त्यातली बरीच उष्णता परत पाठवतात. निरभ्र रात्री ती अवकाशात निघून जाते आणि वस्तू भोवतालच्या हवेहून काही अंश थंड होते.

पण सगळ्या वस्तू सारख्या उदार नसतात. झाडाचे पान, रंग दिलेला किंवा गंजलेला पत्रा आपली उष्णता सहज टाकतो. घासून चकचकीत केलेला धातू दिवसा जसा प्रकाश परतवतो, तसाच रात्री आपली उष्णताही आत धरून ठेवतो. शक्य असलेल्या कमाल उष्णतेपैकी पान नव्वद टक्क्यांहून अधिक टाकते, तर चकचकीत ॲल्युमिनियम पाच टक्क्यांच्या आसपास. लंडनचे डॉक्टर विल्यम चार्ल्स वेल्स यांनी १८१४ मध्ये दवावर एक निबंध प्रसिद्ध केला. चकचकीत धातूवर दव कमी का जमते, याचा उलगडा त्यात आहे. कळशी कोरडी राहते ती त्यामुळेच.

इथे एक मर्यादाही लक्षात घ्यायला हवी, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे. एक ग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे २४५० ज्यूल उष्णता बाहेर पडते. ती टाकली गेली नाही तर पृष्ठभाग पुन्हा गरम होतो आणि दव थांबते. निरभ्र रात्रीचे आकाश दर चौरस मीटरमागे साधारण ६० ते १०० वॅट उष्णता ओढून घेते, आणि भोवतालची हवा त्यातली काही परत देत राहते. या जमाखर्चात उत्तमातल्या उत्तम पृष्ठभागालाही एका रात्रीत चौरस मीटरमागे पाऊण लिटरच्या आसपासच दव मिळू शकते. लेसर कितीही बारीक चालवला तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही. हातात येऊ शकणारे पाणी वाया जाऊ न देणे, एवढेच त्याला जमते.

थेंब पसरतो की गोळा होतो?

आता दुसरा प्रश्न. सपाट पृष्ठभागावर थेंब ठेवला की त्याची कड त्या पृष्ठभागाशी एक कोन करते. त्याला स्पर्शकोन म्हणू. स्वच्छ काचेवर पाणी पसरते, कोन अगदी लहान असतो. मेणावर थेंब फुगून बसतो आणि कोन ९० अंशांच्या पुढे जातो. इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंग यांनी १८०५ मध्ये या कोनाचे गणित मांडले. पाण्याच्या रेणूंना एकमेकांची ओढ जास्त की पृष्ठभागाची, यावर तो कोन ठरतो.

केवळ रसायनाच्या बळावर हा कोन फार वाढवता येत नाही. न चिकटणाऱ्या तव्यावर असतो तो टेफ्लॉनचा लेप घेतला, तरी गुळगुळीत पृष्ठभागावर कोन १२० अंशांच्या पलीकडे जात नाही. अळवाच्या आणि कमळाच्या पानावर मात्र तो १५० अंशांहून जास्त असतो. जर्मनीच्या बॉन विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनी सूक्ष्मदर्शकाखाली अशा पानांचा अभ्यास केला. पानावर अतिसूक्ष्म उंचवटे असतात आणि त्यांच्यावर मेणाचे त्याहून बारीक कण. थेंब फक्त उंचवट्यांच्या टोकांवर टेकतो आणि खालच्या फटींत हवा अडकून राहते. थेंबाच्या तळाशी पान थोडे आणि हवाच जास्त असल्याने तो गोल राहतो आणि जरा उतार मिळाला की निघतो. जाताना पानावरची धूळही घेऊन जातो.

खडबडीतपणाचे काम एकाच दिशेने चालत नाही, ही यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट. मुळात पाणी आवडणाऱ्या पृष्ठभागावर खाचा पाडल्या तर पाण्याला चिकटायला जास्त जागा मिळते आणि तो पाणी अधिकच ओढू लागतो. पाणी नावडणाऱ्या पृष्ठभागावर तशाच खाचा पाडल्या तर तो पाणी अधिकच झटकतो. पदार्थाचा मूळ स्वभाव रसायनाने ठरतो. खाचा तो स्वभाव वाढवतात.

पत्र्याला टाकी लावणारा प्रकाश

पाटा वापरून वापरून गुळगुळीत झाला की त्याच्यावर चटणी वाटली जात नाही, नुसती सरकते. मग पाथरवट छिन्नी-हातोड्याने त्याला टाकी लावतो. दगड तोच, वजन तेच, पण बारीक टाके पडले की पाटा पुन्हा वाटायला लागतो. धातूवर लेसर हेच काम करतो. फरक आकाराचा. इथले टाके मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या हिश्श्याएवढे असतात आणि त्यांच्या आत त्याहून हजारपट बारीक कणांचा खडबडीतपणा असतो.

साध्या लेसरने धातू तापवला तर उष्णता आजूबाजूला पसरते, धातू वितळतो आणि खाचेच्या कडा ओघळतात. म्हणून इथे फेम्टोसेकंद लेसर वापरतात. एका सेकंदाचे हजार अब्ज भाग केले आणि त्यातल्या एकाचे पुन्हा हजार, की मिळतो तो फेम्टोसेकंद. १०० फेम्टोसेकंदांत प्रकाशही फक्त ०.०३ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीहून कमी अंतर जातो. इतक्या थोड्या वेळात ऊर्जेचा मारा झाला की धातूचा अगदी वरचा थर उष्णता पसरायच्या आतच उडून जातो. त्यातले काही कण परत खाचेत बसतात आणि तो बारीक खडबडीतपणा तयार होतो. असे अतिलघू आणि तरीही प्रखर स्पंद देणारे लेसर ज्या तंत्राने शक्य झाले, ते जेरार मुरू आणि डोना स्ट्रिकलँड यांनी १९८५ मध्ये शोधले. त्यांना २०१८ मध्ये भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला.

या तंत्राने धातूचा स्वभाव बदलण्याचे बरेच काम अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात चुनलेई गुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. आधी त्यांनी चकचकीत धातू लेसरने काळाभोर केला: खाचांत शिरलेला प्रकाश आतल्या आत आपटत राहतो आणि शोषला जातो. २००९ मध्ये त्यांनी असा धातू दाखवला की ज्याच्या कोरलेल्या रेघांतून पाणी गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर चढते. समईच्या वातीत तेल ज्या केशाकर्षणाने चढते, तेच बळ इथेही असते. फक्त वातीच्या धाग्यांऐवजी धातूवरच्या उघड्या खाचा. २०१५ मध्ये याच गटाने उलट टोक गाठले. प्लॅटिनम, टायटॅनियम आणि पितळेवर त्यांनी असा पोत कोरला की पडलेला थेंब उसळून बाहेर जातो. टेफ्लॉनचा लेप दिलेला धातू जवळपास ७० अंश कलवावा लागतो तेव्हा त्यावरून पाणी घसरते. यांच्या धातूला ५ अंशांहून कमी उतार पुरला. त्यांनी त्यावर घरातली धूळ टाकून पाहिली. तीन थेंबांत साधारण निम्मी धूळ गेली आणि डझनभर थेंबांत पृष्ठभाग स्वच्छ झाला.

यात एक गंमतही आहे आणि एक अडचणही. नुकताच कोरलेला धातू बहुधा पाणी ओढणारा असतो. तोच उघड्या हवेत ठेवला तर हवेतले सेंद्रिय रेणू हळूहळू त्याच्यावर बसतात आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत तो पाणी झटकू लागतो. खाचा त्याच, पण वरचा रेणूभर जाडीचा थर बदलला की वागणूक उलटते. म्हणून ‘लेसरने कोरलेला पत्रा’ एवढे सांगून भागत नाही. तो कशासाठी कोरला आणि तसाच किती काळ राहील, हेही विचारावे लागते.

उभ्या पत्र्यावरचे पाणी आणि ऊन

पाणी वर चढवणाऱ्या काळ्या धातूचा उपयोग कोणता, याचे उत्तर गुओ यांच्या गटाने २०२० मध्ये ‘नेचर सस्टेनेबिलिटी’ या नियतकालिकात दिले. सुभाष सिंह हे त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक. ॲल्युमिनियमचा पत्रा कोरून काळा आणि पाणी ओढणारा करायचा, त्याचे खालचे टोक अशुद्ध पाण्यात बुडवायचे आणि तोंड सूर्याकडे करायचे. पाण्याचा पातळ थर वर चढतो, पत्रा ऊन शोषतो आणि तो थर वाफ होऊन जातो. वाफ थंड करून गोळा केली की शुद्ध पाणी. डिटर्जंट, रंग, मूत्र, जड धातू आणि ग्लिसरीन मिसळलेल्या पाण्यावर त्यांनी हे करून पाहिले आणि ही अशुद्धी पिण्यायोग्य पातळीपर्यंत खाली आली.

उन्हावर पाणी शुद्ध करण्याची जुनी पद्धत आपल्याकडे शाळेच्या प्रदर्शनातही दिसते: काळ्या पसरट पेटीत खारे पाणी, वर तिरकी काच. तिच्यात तीन ठिकाणी गळती होते. ऊन पेटीतले सगळे पाणी तापवण्यात खर्च होते, वाफ मात्र फक्त वरच्या थराची होते. पाणी आडवेच राहते, त्यामुळे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन वाया जाते. तळातूनही उष्णता निघून जाते. पत्र्यावरचा पातळ थर पहिली गळती कमी करतो. पाणी उतारावर वर चढू शकते म्हणून पत्रा सूर्याकडे वळवता येतो आणि दुसरी गळती थांबते. जिथे ऊन शोषले जाते तिथेच पाणी असल्याने उष्णतेला इकडे-तिकडे जायला वेळच मिळत नाही.

किती पाणी मिळेल, हे वीजबिलातल्या युनिटने मोजू. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६७ युनिट उष्णता लागते. आपल्या भागात चौरस मीटरवर दिवसाला साधारण ५ ते ६ युनिट ऊन पडते. म्हणजे काहीही वाया गेले नाही तरी दिवसाला आठेक लिटर. जुन्या काचपेटीतून प्रत्यक्षात २ ते ४ लिटर मिळते. चांगला पोत हे अंतर भरून काढू शकतो. त्यापुढे जायचे तर वाफ थंड होताना परत मिळणारी उष्णता पुढच्या थरातले पाणी तापवायला वापरावी लागते.

आता तुलना. मचूळ पाणी आरओने, म्हणजे दाबाखाली बारीक पटलातून गाळून, शुद्ध करायला हजार लिटरमागे वीज लागते ती मोजक्या युनिटांतच. तेवढ्याच पाण्याची वाफ करायला ६७० युनिट उष्णता. जिथे वीज आहे आणि पाणी बेताचेच खारे आहे, तिथे आरओच स्वस्त. वाफेची पद्धत कामाची ठरते ती वीज नसेल तिथे, किंवा पाणी इतके खारे असेल की आरओची पटले टिकणार नाहीत तिथे.

सांगलीत हा दुसरा प्रकार ओळखीचा आहे. कृष्णाकाठच्या वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत अतिसिंचनाने जमिनी क्षारपड झाल्या. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात त्यांच्या सुधारणेवर काम चालते. अशा भागात विहिरीचे पाणी मचूळ होते. गावोगावच्या शुद्ध पाण्याच्या केंद्रांतून आरओ करून उरलेले जास्त खारे पाणी पुन्हा गटारात जाते. वाफेच्या पद्धतीची जागा असेल तर ती इथे, या उरलेल्या पाण्यावर.

मीठ बसते त्याचे काय?

पाणी वाफ होऊन गेले की मीठ मागे राहते. ते खाचांत साचले की पाण्याची वाट बंद होते आणि काळा पत्रा पांढरा होऊन ऊन परतवू लागतो. त्यामुळे पाणी ओढणारा पत्रा नियमित धुवावाच लागतो.

आयआयटी मुंबईत स्वतंत्र प्रताप सिंह आणि ऐश्वर्या सी. एल. यांनी याच अडचणीवर २०२४ मध्ये एक वेगळा उपाय मांडला. त्यांचा पदार्थ धातू नव्हे, प्लास्टिकच्या जातीचे पातळ पटल आहे. लेसरने त्याच्या पृष्ठभागाचे रूपांतर ग्रॅफिनमध्ये, म्हणजे कार्बनच्या अतिपातळ थरांच्या काळ्या, खडबडीत जाळ्यात केले जाते. लेसरने ग्रॅफिन तयार करण्याची ही युक्ती अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात जेम्स टूर यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवली होती. आयआयटीच्या पटलाच्या दोन्ही बाजू पाणी झटकतात, त्यामुळे मीठ त्यावर सहज बसत नाही. शिवाय ग्रॅफिनमधून वीज जाते. ढगाळ दिवशी किंवा रात्री थोड्या विजेने ते तापवता येते. रॉचेस्टरच्या पत्र्याने पाणी वर ओढून वाफ केली, आयआयटीच्या पटलाने पाणी दूर ठेवून वाफ केली. दोन्हीकडे लेसरच, पण स्वभाव उलट.

एक सावधगिरी द्राक्षपट्ट्यासाठी महत्त्वाची आहे. क्षार, फ्लोराइड, नायट्रेट आणि जड धातू वाफेबरोबर जात नाहीत. पण सहज उडणारी काही रसायने वाफेबरोबर येऊन पुन्हा पाण्यात उतरू शकतात. औषधफवारणीच्या भागातले पाणी असेल तर नुसत्या वाफेवर विसंबता येत नाही; शेवटी कोळशाची गाळणी लावावी लागते.

थेंब पकडायचा आणि वेळेत सोडायचा

हवेतले पाणी गोळा करताना पृष्ठभागाची खरी कसोटी लागते. वाफेला थेंब व्हायला पाणी ओढणारी जागा सोयीची असते. पण थेंब तिथेच चिकटून राहिला तर तो खाली हौदात येत नाही आणि सकाळी ऊन चढले की पुन्हा हवेत जातो. पाणी झटकणाऱ्या पृष्ठभागावर थेंब पटकन सुटतो, पण तिथे तो तयार व्हायला वेळ लागतो.

निसर्गाने या पेचावर एक तोडगा काढला आहे. आफ्रिकेच्या नामिब वाळवंटातल्या एका भुंग्याच्या पाठीवर मेणचट पृष्ठभागात पाणी धरणारे उंचवटे असतात. धुक्याचे कण उंचवट्यांवर जमतात, मोठे होतात, मेणावर घसरतात आणि भुंग्याच्या तोंडाकडे जातात. अँड्र्यू पार्कर आणि ख्रिस लॉरेन्स यांनी २००१ मध्ये ‘नेचर’मध्ये हे मांडले. लेसरने हाच नकाशा धातूवर उतरवता येतो: पाणी ओढणारे ठिपके, मध्ये पाणी झटकणारी जमीन आणि थेंबाला खाली नेणाऱ्या निमुळत्या वाटा.

याचा उपयोग यंत्रांतही होऊ शकतो. मध्य रेल्वेच्या मुंबईतल्या काही स्थानकांवर ‘मेघदूत’ नावाची हवेतून पाणी काढणारी यंत्रे बसवली आहेत. अशा यंत्रात विजेने थंड केलेल्या नळ्यांवर हवेतली वाफ जमते. घरच्या एसीतून ठिबकते तेच हे पाणी, गाळून पिण्यायोग्य केलेले. नळीवर पाण्याचा सलग थर बसला तर तो थरच उष्णतेच्या आड येतो. तेच पाणी सुटे थेंब होऊन गळून गेले तर उष्णता कित्येक पट वेगाने वाहते. म्हणून पाणी झटकणारा पोत अशा नळ्यांना फायद्याचा. मात्र मुंबईची हवा दमट आहे. एप्रिलमधल्या जतच्या कोरड्या हवेत तेच यंत्र जास्त वीज खाईल आणि कमी पाणी देईल. हवेत जे नाही ते कोणताही पोत काढून देऊ शकत नाही.

धुक्याचेही असेच. धुके म्हणजे तयार झालेले थेंब. ते थंड न करता नुसते अडवले तरी पुरते. महाबळेश्वर, कोयना आणि कास पठारावर दाट धुके येते ते मुख्यतः पावसाळ्यात, म्हणजे पाणी वरून कोसळत असतानाच.

हिशेब पत्र्याचा आणि पावसाचा

दवाचे मोठ्या प्रमाणावर मोजमाप झाले ते शेजारच्या गुजरातमध्ये. संशोधक गिरजा शरण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कच्छमध्ये कोठारा गावी पत्र्याच्या छपरांवरचे दव अभ्यासले आणि पुढे पनंध्रो इथे २००६ मध्ये सुमारे ८५० चौरस मीटरचा दवसंकलन प्रकल्प उभारला. २००७ मध्ये त्याने सुमारे साडेसहा हजार लिटर दव दिले. एका रात्रीचे सर्वाधिक दव सुमारे २५० लिटर. म्हणजे चौरस मीटरमागे वर्षाला पावणेआठ लिटरच्या आसपास.

हाच दर सांगलीच्या पूर्व भागातल्या १०० चौरस मीटरच्या घराच्या छपराला लावू. वर्षाला पावणेआठशे लिटर दव. आता त्याच छपरावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला तर ५० हजार लिटर पाणी येते. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी ४० हजार. दवाच्या पन्नासपट. आणखी एक मोजपट्टी घ्या. ११ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून दुष्काळी लातूरला रेल्वेची पहिली पाणीगाडी निघाली, तिच्या १० डब्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. पनंध्रोच्या प्रकल्पाला तेवढे दव गोळा करायला पंचाहत्तरहून अधिक वर्षे लागतील.

खर्चाकडेही पाहू. २०१५ मध्ये एक इंच लांब-रुंद धातू कोरायला गुओ यांच्या प्रयोगशाळेत एक तास लागत होता. त्या वेगाने एक चौरस मीटर कोरायला दिवसरात्र काम करून दोन महिन्यांहून जास्त. पुढे जास्त शक्तीचे लेसर आणि वेगाने फिरणारा झोत वापरून हा वेळ खूप कमी झाला, पण छपराएवढा पत्रा कोरणे अजून परवडणारे नाही. दवासाठी तर छपराला उष्णता सहज टाकणारा रंग दिला तरी पहिले, थंड होण्याचे, काम बऱ्याच अंशी साधते. लेसरचा पोत मोलाचा ठरेल तो लहान पण महत्त्वाच्या जागी: यंत्राच्या थंड नळीवर किंवा उन्हात वाफ करणाऱ्या लहान पत्र्यावर.

थोडक्यात

• दव तयार व्हायला पृष्ठभाग हवेहून थंड हवा. चकचकीत धातू फारसा थंड होत नाही, पान आणि रंगवलेला पत्रा होतो.
• पाणी पसरणार की घरंगळणार हे रसायन ठरवते. बारीक खाचा तो स्वभाव वाढवतात.
• फेम्टोसेकंद लेसर धातू न वितळवता खाचा कोरतो. तोच धातू पाणी ओढणारा किंवा झटकणारा करता येतो.
• दवाची मर्यादा: चौरस मीटरमागे रात्रीत पाऊण लिटरच्या आसपास.
• साध्या एकथरी उन्हाच्या पत्र्याची मर्यादा: चौरस मीटरमागे दिवसात आठेक लिटर.
• छपरावरचा पाऊस दवाच्या अनेक पट. आधी तो साठवावा.

विकणाऱ्याला विचारायचे तीन प्रश्न

‘हवेतून पाणी’, ‘उन्हातून शुद्ध पाणी’ अशा जाहिराती आता गावातल्या ग्रामपंचायतींपर्यंत येऊ लागतील, आणि त्यात लेसर, नॅनो, ग्रॅफिन हे शब्दही असतील. एवढे विज्ञान हाताशी असले की तीन प्रश्न पुरतात.

पहिला: दिवसाला इतके लिटर म्हणता, ते किती चौरस मीटरमधून? उत्तर दवासाठी एक लिटरच्या वर किंवा साध्या उन्हाच्या पत्र्यासाठी आठ-नऊ लिटरच्या वर गेले तर बाकीची ऊर्जा कुठून येते, हे सांगायला लावा. ती वीज असेल तर लिटरमागे किती युनिट, हे लिहून घ्या.

दुसरा: हा आकडा कुठल्या महिन्यातला, कुठल्या हवेतला? टंचाई मार्च ते मे या काळात असते आणि तेव्हाच हवा कोरडी असते. मुंबईच्या जुलैमधला आकडा आटपाडीच्या एप्रिलला लागू होत नाही.

तिसरा: वर्षभराने हा पृष्ठभाग कसा असेल? शेतातली धूळ, पक्ष्यांची विष्ठा, मिठाचा थर आणि हवेतले सेंद्रिय रेणू हे चौघेही खाचांचा स्वभाव बदलतात. तो धुवायचा कोणी, कशाने आणि खरडले गेले तर नवा पत्रा कितीला, हे आधीच ठरलेले हवे.

या तिन्ही प्रश्नांना आकड्यांत उत्तर मिळाले तर ते यंत्र एखाद्या वस्तीच्या, शाळेच्या किंवा दवाखान्याच्या पिण्याच्या पाण्यापुरते नक्की तपासून पाहावे. विशेषतः जिथे मचूळ पाणी भरपूर आहे आणि ऊनही. शेतीचे पाणी, गुरांचे पाणी आणि गावाचा नळ यांसाठी मात्र पावसाचे छप्पर, विहिरीचे पुनर्भरण आणि टेंभू-म्हैसाळ सिंचन योजनांचे कालवे यांना पर्याय नाही.